पोर कशाला घाबरतं आणि का

पुणतांब्यात गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. दर्शनाला आलेल्या नातवंडांना आजी हमखास वाघाची गोष्ट सांगते. चांगदेव वाघावर स्वार होऊन, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले. इकडं चारी भावंडं भिंतीवर बसली होती, ज्ञानेश्वरांनी भिंतीला ‘चल’ म्हटलं आणि भिंत चालू लागली. एकाच गोष्टीत वाघ आला आणि सापही आला. ती ऐकताना चार-पाच वर्षांच्या मुलांकडं बघा. एखादं पोर डोळे मोठे करून पुढं सरकतं, ‘मग? मग काय झालं?’ म्हणत आजीचा हात ओढतं. त्याचाच मामेभाऊ आजीच्या पदरात तोंड खुपसतो आणि रात्री दिवा मालवू देत नाही. आजी तीच, गोष्ट तीच. मग एकाला वाघ आवडला आणि दुसऱ्याला त्याची धास्ती बसली, असं का?

या भागातल्या आईवडिलांसाठी हा प्रश्न गोष्टीपुरता राहत नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर हा सगळा उसाचा पट्टा आहे आणि उसात बिबट्या आहे. गावाकडं त्यालाही वाघच म्हणतात. डॉ. विद्या अत्रेय यांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे आढळले, तेही जंगलात नव्हे, शेतांत आणि वस्त्यांच्या आसपास. त्यामुळं ‘घाबरू नको, वाघबिघ काही नसतो’ हे वाक्य इथं खोटं ठरतं आणि मुलाला ते खोटं आहे हे कळतं. इथल्या पालकांचं काम शहरातल्या पालकांपेक्षा अवघड आहे. खऱ्या धोक्याची जाण मुलाला द्यायची, पण त्या भीतीनं त्याचं खेळणं, शाळा, झोप आखडू द्यायची नाही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. घाबरणं हा आजार नाही. सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसानं उचललं की रडतं, कारण आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला आता कळू लागलेलं असतं. दोन-तीन वर्षांचं मूल मोठ्या आवाजाला, जनावरांना, अंधाराला बिचकतं. चार ते सहा या वयात कल्पनाशक्ती फुलते आणि तिच्याबरोबर भुतं, राक्षस, पलंगाखालचं कुणीतरी येतं. शाळेत जायला लागल्यावर मार लागणं, रक्त, आईबाबांना काही झालं तर, अशा भीती डोकावतात. दहा-अकराच्या पुढं चारचौघांत हसं होण्याची भीती मोठी होते. यातल्या बहुतेक भीती जशा येतात तशा जातात. पुणतांबा जंक्शनजवळ राहणारं तान्हं बाळ पहिल्यांदा इंजिनाचा भोंगा ऐकून दचकतं, हातपाय ताणतं. काही महिन्यांनी तेच बाळ त्याच भोंग्यात गाढ झोपलेलं असतं. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

भयगंड, म्हणजे ज्याला आपण फोबिया म्हणतो, तो वेगळा. रस्त्यात कुत्रं भुंकलं आणि मुलानं आईचा हात घट्ट धरला, ही भीती झाली. पण कुत्रं असेल म्हणून मूल त्या गल्लीतून जायचंच नाही म्हणतं, मग दुकानात जायला नको म्हणतं, मग शाळेत, आणि कुत्र्याचं नुसतं चित्र पुस्तकात आलं तरी पान उलटतं, तेव्हा तो भयगंड असू शकतो. त्याच्या खुणा अशा: धोका जेवढा आहे त्याच्या कितीतरी पट भीती, ती दरवेळी आणि लगेच येणं, ती गोष्ट टाळण्यासाठी मुलानं आटापिटा करणं, आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चालणं. लहान मुलाला ‘माझी भीती अवाजवी आहे’ असं सांगता येत नाही. ते आकांत करतं, थिजतं, चिकटतं किंवा नेमकं त्याच वेळी त्याचं पोट दुखू लागतं. हे पोटदुखणं ढोंग नसतं. घाबरलेल्या शरीरात आतडी खरंच आवळतात.

आता मूळ प्रश्न. ही भीती येते कुठून?

स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली भीती शिकण्याच्या तीन वाटा मांडल्या. एक, स्वतःवर बेतलेला प्रसंग. दोन, दुसऱ्याला घाबरताना पाहणं. तीन, ऐकीव माहिती. घराघरांत पहिलीवर सगळ्यात जास्त बोललं जातं. ‘लहानपणी कुत्रं चावलं होतं ना, तेव्हापासून.’ ते खरंही असतं. अमेरिकेत १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर ठेवला आणि बाळानं हात पुढं केला की त्याच्या पाठीमागं लोखंडी कांबीवर हातोडा मारला. काही दिवसांतच बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडू लागलं, आणि पुढं सशाला, कुत्र्यालाही घाबरू लागलं. एका तान्ह्या जिवावर हा प्रयोग करणं क्रूरपणा होता आणि आज कुणी तो करू देणार नाही. पण एक गोष्ट त्यातून कळली. भीती एका वस्तूवर बसली की ती तिच्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर पसरते. लग्नाच्या वरातीत कानाजवळ फटाका फुटलेलं मूल पुढं डीजेला, मग ढोलाला, मग फुगा फुटण्याला आणि शेवटी फुग्यालाच घाबरतं ते यामुळं.

पण माझ्या मते आपल्या घरांत दुसरी आणि तिसरी वाट जास्त वाहती आहे, आणि ती आपण मोठी माणसंच वाहती ठेवतो.

सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी १९८० च्या दशकात माकडांवर केलेलं काम प्रत्येक पालकानं ऐकावं असं आहे. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. त्यांना रानात वाढलेली माकडं सापासमोर कशी किंचाळतात, मागं सरतात हे दाखवलं. थोड्याच वेळात ती पाहणारी माकडंही सापाला घाबरू लागली आणि तीन महिन्यांनीही ती भीती टिकून होती. त्यांना कुणी चावलं नव्हतं; त्यांनी फक्त पाहिलं होतं. याच कामातला दुसरा भाग तर सोन्यासारखा आहे. काही माकडांना आधी, सापासमोर निवांत वागणारी माकडं दाखवली गेली होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना नंतर घाबरणारी माकडं दाखवूनही भीती लागली नाही. आधी पाहिलेला शांतपणा लसीसारखा उपयोगी पडला.

मुलांचंही असंच आहे. दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना रबरी साप आणि कोळी दाखवून एक अभ्यास झाला. आईनं तोंड वाकडं केलं, भेदरली, तर मूल त्या खेळण्यापासून दूर राहिलं. आई हसरी राहिली तर मूल जवळ गेलं. गेरुल आणि रेपी यांचा हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दीड वर्षाच्या मुलाला ‘साप’ या शब्दाचा अर्थ कळत नाही, पण आईच्या भुवया त्याला वाचता येतात. पाल दिसली की आपण किंचाळत पलंगावर चढतो, तेव्हा खाली उभं असलेलं मूल पालीकडं बघत नसतं. ते आपल्याकडं बघत असतं.

तिसरी वाट शब्दांची. अँडी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना ऑस्ट्रेलियातल्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या प्राण्यांची माहिती सांगितली. एका प्राण्याबद्दल चांगलं सांगितलं, दुसऱ्याबद्दल वाईट. मग त्या प्राण्याच्या म्हणून ठेवलेल्या पेटीत हात घालायला सांगितलं. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलं होतं त्या पेटीशी मुलांचे हात अडखळले. पेटीत खरा प्राणी नव्हताच. नुसत्या शब्दांनी हात थांबले.

आता आपल्या घरात दिवसभरात बोलली जाणारी वाक्यं आठवा. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल.’ ‘झोप, बाऊ बघतोय.’ ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील.’ ‘पोलिसाला देऊन टाकीन.’ ‘तिन्हीसांजेला त्या चिंचेखाली जायचं नाही.’ यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. एकाच वेळी चूल, गोठा आणि पोर सांभाळणाऱ्या बाईला मूल गप्प करायचा सगळ्यात जवळचा मार्ग हाच असतो, आणि तो लगेच लागूही पडतो. पण डॉक्टर आणि पोलीस ही मुलाला संकटात मदत करणारी माणसं आहेत. त्यांच्याच नावानं त्याला धाक घातला तर उद्या ताप आल्यावर ते दवाखान्याच्या दारात हंबरडा फोडेल, आणि जत्रेत हरवल्यावर पोलिसापासून लांब पळेल.

हल्ली यात मोबाइलची भर पडली आहे. कुठं तरी बिबट्यानं कुत्रं उचललं, सीसीटीव्हीत ते टिपलं गेलं, आणि तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरू लागतो. ओट्यावर चार माणसं तो पुन्हा पुन्हा लावून बघतात. चर्चा मोठ्यांची असते, पण मांडीवरचं पोरही तो दहा वेळा बघतं. मोठ्यांच्या लेखी ती एकच घटना असते. चार वर्षांच्या मुलाच्या लेखी बिबट्या दहा वेळा आला आणि दहा कुत्री गेली. वस्तीवर राहणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असे व्हिडिओ मुलांसमोर लावू नका. माहिती घ्यायचीच असेल तर बाजूला होऊन घ्या.

या तीन वाटांबरोबर मुलाचा स्वभावही असतो. काही मुलं जन्मतःच बुजरी असतात. नवं माणूस, नवी जागा, नवा आवाज आला की मागं सरतात. हार्वर्ड विद्यापीठातले जेरोम केगन यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ही मुलं पुढं काळजीखोर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण सगळीच तशी होत नाहीत. घराण्यातूनही हा कल येतो. आई किंवा वडील स्वतः खूप भित्रे असतील तर मुलात तो उतरू शकतो, काही रक्तातून आणि काही रोजच्या पाहण्यातून. शिवाय माणसाचा मेंदू काही गोष्टींना घाबरायला जरा तयारच असतो: साप, उंची, अंधार, खोल पाणी. मोटारीच्या स्टार्टरला आणि विजेच्या बोर्डाला मुलांनी घाबरायला हवं, ते खरोखर जीव घेतात. पण त्यांचा भयगंड क्वचितच दिसतो. हजारो पिढ्या ज्यांच्या भीतीनं जगल्या, त्याच गोष्टी मनात पटकन घर करतात.

आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. ऑस्ट्रेलियात मेंझीज आणि क्लार्क यांनी १९९३ साली पाण्याला भयंकर घाबरणाऱ्या पन्नास मुलांच्या पालकांना विचारलं. निम्म्याहून अधिक पालक म्हणाले, पाण्याशी पहिल्यांदा गाठ पडली तेव्हापासूनच हे असं आहे. बुडण्यासारख्या प्रसंगातून भीती बसली असं सांगणारा पालक जेमतेम एक निघाला. म्हणून कारण शोधण्याच्या मागं फार लागू नका. ‘तुझ्या हातून पडला होता का?’, ‘तुमच्याकडं नेलं होतं तेव्हाच काहीतरी झालं’ असे आरोप नवराबायकोत, सासूसुनेत सुरू होतात आणि पोर राहतं बाजूला. कुणाला कारणात फार खोल अर्थ शोधायचा मोहही होतो. फ्रॉइडनं १९०९ साली घोड्याला घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सबद्दल लिहिलं आणि त्या भीतीमागं मुलाच्या मनातली वडिलांविषयीची दडलेली भावना आहे असं मांडलं. त्या मुलानं गाडी ओढणारा मोठा घोडा रस्त्यात कोसळताना स्वतः पाहिला होता, हेही त्याच लिखाणात आहे. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

भीती सुरू कशी झाली यापेक्षा ती टिकून का आहे, हे कळलं तर घरी उपाय करता येतो. ती टिकते टाळण्यामुळं. अंगणात अंधार आहे म्हणून मूल दारात अडतं. आई म्हणते, ‘बरं, नको जाऊ.’ त्या क्षणी मुलाची छाती हलकी होते. हा हलकेपणा इतका गोड असतो की मेंदू त्यातून धडा घेतो: गेलो नाही म्हणून वाचलो. अंगणात गेल्यावर काहीच होत नाही, हे शिकायची संधी हुकली. पुढच्या वेळी दार आणखी लांबून दिसतं. मग आई सोबत जाते, मग भाऊ बॅटरी धरतो, मग आजी त्याच्याजवळ झोपू लागते, आणि वर्षभरात सगळं घर एका भीतीभोवती फिरू लागतं. सगळे हे मायेनंच करतात, पण त्यातून भीती पोसली जाते.

दुसरं टोक म्हणजे ढकलणं. ‘श्यामची आई’मध्ये श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, ही त्या माउलीची तळमळ होती, आणि श्याम पोहायला शिकलाही. हा प्रसंग मनात धरून कितीतरी बापांनी पोरांना विहिरीत ढकललं असेल. काही पोरं तरलीही. पण ज्याला खरोखरचा भयगंड आहे त्याला ढकललं तर तो पाण्याबरोबर ढकलणाऱ्या हातालाही घाबरू लागतो. श्यामला पाण्यात सांभाळणारी माणसं होती आणि घरी परतल्यावर जवळ घेणारी आई होती, हे ती गोष्ट सांगताना गाळू नका. ‘पोरीसारखा काय रडतोस’, ‘एवढा घोडा झालास तरी’ हे टोमणेही ढकलण्याचाच प्रकार आहेत. त्यानं भीती जात नाही. मूल फक्त ती सांगायचं थांबवतं.

या दोन टोकांच्या मधली वाट शंभर वर्षांपूर्वी मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवली. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडता खाऊ देताना त्यांनी पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. रोज थोडा थोडा जवळ आणला. सशाशी खेळणारी दुसरी मुलंही त्याच्या आसपास ठेवली. शेवटी पीटर एका हातानं सशाला कुरवाळू लागला. हे काम १९२४ साली प्रसिद्ध झालं, आणि आजही मुलांच्या भयगंडावरच्या उपचाराचा गाभा हाच आहे: लहान लहान पायऱ्या.

गोदावरीच्या घाटावर पाण्याला घाबरणारं मूल घेऊन गेलात तर त्या घाटाच्या पायऱ्याच वापरा. पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर बसून नुसते शेंगदाणे खायचे आणि नदी बघायची. मूल निवांत झालं की दोन पायऱ्या खाली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या जवळच्या पायरीवर, तुमचा हात धरून. मग पायाची बोटं ओली करायची. मग घोट्यापर्यंत. यापुढं नदीत जायची काहीच गरज नाही, कारण गोदावरीचं पाणी कधी आणि किती वाढेल हे वरच्या धरणांच्या विसर्गावर असतं. पुढच्या पायऱ्या घरच्या टपात, हौदात किंवा पोहायला शिकवणाऱ्या माणसाबरोबर चढायच्या. पावसाळ्यात आणि पाणी सोडलेलं असताना घाटावर हा प्रयोग मुळीच करू नका.

पायऱ्या ठरवताना मुलाला विचारा. त्याला आकडे समजत असतील तर भीतीला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. लहान असेल तर हात किती पसरायचे ते दाखवू द्या: एवढीशी, एवढी, एवढ्ढी. पहिली पायरी तीनेक गुणांची निवडा. महत्त्वाचं असं की पायरीवर पोहोचल्यावर थांबायचं. भीती आधी चढते, मग थोड्या वेळानं आपोआप उतरते. ती उतरलेली मुलाला स्वतः कळली पाहिजे, आणि त्यानंतरच निघायचं. चढत्या भीतीत उचलून घरी आणलं तर पुन्हा तोच धडा: पळालो म्हणून वाचलो. एखादी पायरी फारच उंच निघाली तर त्याच्या आधीची जरा सोपी पायरी घ्या आणि तिथं थांबून, शांत होऊन परत फिरा. पायरी जमली की शाबासकी द्या, पण ‘बघ, काही झालं का? उगीच घाबरत होतास’ असं नको. ‘भीती वाटली तरी उभा राहिलास’ असं म्हणा.

अंगणातल्या अंधाराचं बघू. पहिल्यांदा आई अंगणात उभी आणि मूल दारात. मग मूल उंबऱ्याबाहेर दोन पावलं, आई तुळशीजवळ. मग मुलानं एकट्यानं दिवा चालू ठेवून तुळशीपर्यंत जाऊन यायचं, आई दारात. मग दिवा बंद, हातात बॅटरी. पण ऊस अंगणाला लागून असेल, आसपास बिबट्या दिसल्याच्या खबरा असतील, तर हे सगळं घरातच करा: स्वयंपाकघरातून अंधाऱ्या मधल्या खोलीत जाऊन येणं, तिथून डबा आणणं. खरा धोका असलेल्या जागी धाडसाची पायरी ठेवायची नाही.

बिबट्याच्या बाबतीत मुलाला भीतीऐवजी नियम द्या. दिवस मावळल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही. उसाच्या कडेनं जाताना मोठ्या माणसाबरोबर, बोलत, गाणं लावून जायचं. बाहेर बसायची वेळ आली तर उजेडात आणि सोबत मोठं माणूस. रात्री लाईट आल्यावर बाबा पाणी द्यायला मळ्यात जातात तेव्हा सोबत कुणी तरी असतं आणि बॅटरी असते, हे मुलाला सांगा, कारण त्या रात्री ते जागं असतं आणि आपण ते झोपलंय असं समजतो. गोठा बंदिस्त आहे, अंगणात दिवा आहे, बिबट्या दिसला तर बाबा वन विभागाला १९२६ वर फोन करतील, हे त्याला माहीत असू द्या. ‘असं झालं तर आपण असं करणार’ हे ज्या मुलाला ठाऊक असतं, त्याच्या मनातला बिबट्या खऱ्या बिबट्याएवढाच राहतो, त्याहून मोठा होत नाही.

सुईची आणि रक्ताची भीती इतर भीतींपेक्षा वेगळी असते. कुत्र्याला घाबरलं की रक्तदाब वाढतो. रक्त बघून घाबरलं की काही मुलांचा रक्तदाब एकदम पडतो आणि मूल चक्कर येऊन कोसळतं. शाळेत लस देताना रांगेतली मुलं एकामागोमाग पडतात, त्यात हेही असतं. अशा मुलाला झोपवून सुई द्यायला सांगा. जरा मोठ्या मुलाला हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायला आणि मग सैल सोडायला शिकवा. स्वीडनचे लार्स-योरन ओस्ट यांनी ही पद्धत रूढ केली, त्यानं रक्तदाब टिकतो. सुई टोचणाऱ्या हाताचे स्नायू मात्र सैलच ठेवायचे. आणि ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मग संपेल, मी हात धरून आहे’ एवढं पुरे.

सगळं नीट चाललेलं असताना मूल एकदम मागं जाईल. पीटरही गेला होता. मध्येच तो तापानं आजारी पडला, आणि दवाखान्यातून परतताना मोठं कुत्रं अंगावर आलं. भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली आणि पीटर बरा झाला. तुम्हीही पुन्हा खालच्या पायरीवरून सुरू करा.

काही ठिकाणी घरगुती उपायांवर थांबू नका. मूल अचानक एखाद्या ठरावीक माणसाला, एखाद्या घराला, शाळेच्या एखाद्या खोलीला घाबरू लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, अंगाला हात लावू देईना, तर त्याला पायऱ्या चढवायला लागू नका. आधी शांतपणे ऐका, विश्वास ठेवा. त्या भीतीमागं खरा अत्याचार असू शकतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. साध्या आवाजांनी कान झाकून कळवळणारं, नजरेला नजर न देणारं, उशिरा बोलणारं मूल असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा, ती नुसती भीती नसेल. घशात अडकेल म्हणून घास गिळत नसेल, वजन उतरत असेल, शाळा आठवडेच्या आठवडे बुडत असेल, तरी वाट बघू नका.

आणि अंगारा, गंडादोरा? देवळात जाऊन आईला धीर येत असेल तर तिनं जावं. आई शांत झाली तर मुलाला फायदाच होतो. पण मुलासमोर ‘याला बाहेरचं झालंय’, ‘हिला लागिर झालंय’ असं बोललं की त्याच्या मनातल्या भुताला मोठ्यांनी मान्यता दिली असं होतं. आणि भूत काढतो म्हणून जो मुलाला मारतो, चटके देतो, धूर देतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असं करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे.

पुणतांब्याहून तज्ज्ञ फार लांब नाहीत. आपल्याच राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. अहिल्यानगरला जिल्हा रुग्णालय आहे. मुलांच्या भयगंडावर बहुतेक वेळा गोळ्या लागत नाहीत. वर सांगितलेल्या पायऱ्याच तज्ज्ञ नीट बांधून देतात, आणि एका वस्तूपुरती भीती असेल तर ओस्ट यांच्याच दुसऱ्या एका पद्धतीत तीन तासांच्या एका बैठकीतही पुष्कळ काम होतं. आधी कुणाशी तरी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. वस्तीवरून रात्री अकरा वाजता, पोर शेजारी हमसत असताना फोन केला तरी चालतो.